कुंपणभिंतीचे नियम : उंचीची मोजदाद आणि सुरक्षिततेचा विसर

घराभोवतीचे कुंपण ही बांधकाम परवानगीच्या व्यवस्थेत सर्वांत दुय्यम मानली जाणारी बाब आहे. इमारतीचा नकाशा तयार करताना चटईक्षेत्र, सामासिक अंतरे, वाहनतळ यांचा काटेकोर हिशेब मांडला जातो. आवाराच्या कडेने जाणारी कुंपणाची रेषा मात्र नकाशावर जवळजवळ गृहीतच धरलेली असते. तथापि २०१९ च्या पावसाळ्यात या दुर्लक्षित रेषेने देशाचे लक्ष वेधून घेतले. २९ जूनच्या पहाटे पुण्यातील कोंढवा येथे एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या भूखंडावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला. १ जुलैच्या रात्री पुण्यातच आंबेगाव येथे एका शैक्षणिक संकुलाच्या भिंतीखाली सहा मजूर दगावले. त्यानंतर काही तासांतच मुंबईतील मालाडच्या पिंपरीपाडा येथे जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर कोसळली व त्यात ३१ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी तामिळनाडूतील मेट्टुपाळयमनजीकच्या नडूर गावी एका खाजगी घराची उंच आवारभिंत खालच्या बाजूच्या घरांवर पडून १७ जण मृत्युमुखी पडले.

यांपैकी मालाडची भिंत निवासी नव्हती आणि आंबेगावची भिंत शैक्षणिक संस्थेची होती, हे खरे. परंतु चारही घटनांत एक साम्य ठळकपणे दिसते. भिंत बांधणारा एका बाजूला होता आणि मरण पावलेले लोक दुसऱ्या बाजूला. कुंपणाविषयीचे आपल्याकडील नियम या दुसऱ्या बाजूची कितपत दखल घेतात, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही.

जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत येतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात जमीनवापराचे आणि इमारत बांधकामाचे नियमन हे नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोगे काम म्हणून नोंदविलेले आहे. साहजिकच कुंपणाला परवानगी लागते की नाही, या साध्या प्रश्नाचे देशभर लागू पडेल असे एकच उत्तर देता येत नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आदर्श बांधकाम उपविधी प्रसिद्ध केले, त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने राष्ट्रीय इमारत संहितेची सुधारित आवृत्तीही आणली. मात्र आदर्श उपविधींचे स्वरूप मार्गदर्शक आहे. राज्यांनी व शहरांनी ते स्वीकारल्यावरच त्यांना बंधनकारक रूप येते.

दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्या कायद्यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. १९५७ च्या दिल्ली महानगरपालिका अधिनियमात 'इमारत' या शब्दाच्या व्याख्येत भिंतीचा समावेश आहे, पण त्यातून सीमाभिंत स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. मुंबईव्यतिरिक्त राज्यातील अन्य महानगरपालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने, म्हणजे १९४९ च्या मूळ मुंबई प्रांतिक कायद्याने, नेमकी उलट भूमिका घेतली आहे. त्याच्या व्याख्येत ओटे, जोती, पायऱ्या यांच्यासोबत आवारभिंती आणि कुंपणेही इमारतीतच मोडतात. एकच वीटकाम यमुनेच्या काठी इमारत नसते आणि मुळा-मुठेच्या काठी इमारत ठरते, असा हा प्रकार आहे. दिल्लीच्या २०१६ च्या एकीकृत उपविधींनीही ठरवून दिलेल्या मर्यादेतील सीमाभिंतीचे बांधकाम अथवा पुनर्बांधकाम स्वतंत्र परवान्याच्या गरजेतून मुक्त ठेवले आहे.

केरळने तिसरा मार्ग स्वीकारला. तेथील २०१९ च्या इमारत नियमांनुसार सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक मालमत्ता किंवा सार्वजनिक जलाशय यांना लागून कुंपणभिंत उभारायची असेल तर स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. म्हणजे परवानगीची गरज भिंतीच्या आकारावरून नव्हे, तर तिच्या शेजारावरून ठरते. मात्र हा शेजार सार्वजनिक असला तरच. इंग्लंडमध्ये वाहतुकीच्या रस्त्यालगत एक मीटर आणि अन्यत्र दोन मीटरपर्यंतच्या कुंपणाला सामान्यतः वेगळा अर्ज करावा लागत नाही. तेथील सामान्य घरमालकाला ही दोन माने ठाऊक असली की पुरते. आपल्याकडे अशी पाठ करता येण्याजोगी दोन माने कोणत्याही एका राज्याच्या नागरिकाला सहजी सांगता येतील, अशी स्थिती नाही.

दीड मीटर कशासाठी?

केंद्राच्या आदर्श उपविधींनुसार विशेष परवानगीखेरीज आवारभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटरपेक्षा अधिक असू नये. वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीदार वा उघड्या स्वरूपाचा असेल तर एकूण उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील भूखंडासाठी अट अधिक कडक आहे. छेदबिंदूपासून दोन्ही बाजूंना दहा मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरपेक्षा उंच नसावी, उरलेली उंची हवी असल्यास ती कठड्याची असावी. रुग्णालये, शाळा, कारखाने, विद्युत उपकेंद्रे आदींना २.४ मीटरपर्यंत सवलत मिळू शकते आणि कारागृहांच्या भिंतींना ही बंधने लागू नाहीत. आवाराचे फाटक पूर्णपणे आतल्या बाजूस उघडले पाहिजे, रस्त्यावर नव्हे, अशीही तरतूद आहे. देशातील कोणत्याही शहराच्या जुन्या वसाहतीत संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्यास या शेवटच्या तरतुदीचे पालन किती होते हे निराळे सांगण्याची गरज नाही.

या आकड्यांमागे निश्चित विचार आहे. रस्ते अभियांत्रिकीत मोटारचालकाची दृष्टिरेषा रस्त्यापासून सुमारे १.२ मीटर उंचीवर धरली जाते. कोपऱ्यावरील भिंत पाऊण मीटरवर थांबली तर आडव्या रस्त्याने येणारे वाहन अथवा पादचारी चालकाला वेळेत दिसतो. उघड्या जाळीमुळे हवा खेळती राहते, रस्ता दोन तटांमधल्या बोळासारखा होत नाही आणि आतून-बाहेरून नजर राहिल्याने रस्ता निर्मनुष्य वाटत नाही. नियमांची ही बाजू समंजस आहे, आणि ती लिहिणाऱ्यांना शहराची जाण होती हे मान्य केले पाहिजे.

उणीव आहे ती मापनाच्या पद्धतीत. उंची मोजायची ती समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून. सपाट भूखंडावर हे माप चोख ठरते. परंतु पुण्याच्या दक्षिणेकडील उतारांवर, मुंबईच्या टेकड्यांच्या पायथ्याशी किंवा निलगिरीच्या पायथ्यालगतच्या गावांत भूखंडाची पुढची आणि मागची बाजू यांच्या पातळीत कित्येक फुटांचा फरक असतो. समोरून दीड मीटर दिसणारी भिंत मागच्या बाजूने पाहिल्यास दुप्पट-तिप्पट उंच असू शकते, आणि मधल्या जागेत भराव घालून वाहनतळ किंवा बगीचा केलेला असतो. अशा ठिकाणी ती भिंत कुंपण राहत नाही. ती मातीचा आणि पावसाळ्यात त्या मातीत मुरलेल्या पाण्याचा भार पेलणारी रचना बनते. कुंपणाच्या नियमाला मात्र अजूनही ते कुंपणच दिसत असते.

येथे भाषेनेही थोडा हातभार लावला आहे. अभियांत्रिकीत मातीचा दाब अडविणारी भिंत आणि केवळ हद्द दाखविणारी आवारभिंत या दोन सर्वस्वी भिन्न रचना मानल्या जातात. मराठी बातम्यांत मात्र दोहोंसाठी सर्रास 'संरक्षक भिंत' हा एकच शब्द वापरला जातो, आणि २०१९ च्या सर्व दुर्घटनांचे वृत्त त्याच शब्दात दिले गेले. परिणामी कोसळलेली भिंत भार पेलण्यासाठी बांधली होती आणि त्यात अपयशी ठरली, की ती मुळात त्या कामासाठी नव्हतीच, हा निर्णायक प्रश्न मथळ्यातच हरवतो. मंजुरीच्या कागदांतही हीच सरमिसळ आढळावी, हा योगायोग म्हणता येणार नाही.

पाणी, पाया आणि शेजारचे खोदकाम

एक वीट जाडीची, म्हणजे साधारण २३० मिलिमीटरची भिंत वाऱ्याचा दाब काही उंचीपर्यंतच सहन करते. वीटकामाविषयीच्या भारतीय मानकात आधाराविना उभ्या भिंतीची उंची तिच्या जाडीच्या आणि त्या प्रदेशातील वाऱ्याच्या प्रमाणात बांधून दिलेली आहे. या भिंतीमागे माती रचली की दाब कित्येक पटींनी वाढतो, आणि मातीत पाणी साचले की तो आणखी वाढतो. म्हणूनच माती अडविणाऱ्या भिंतीत ठराविक अंतरावर पाणी बाहेर पडण्याची छिद्रे ठेवतात आणि त्यांच्या मागे खडी भरतात. ही छिद्रे नसतील किंवा गाळाने बुजली असतील तर भिंतीमागे जणू बंद टाकीच तयार होते. अशा भिंती बहुधा पावसाच्या रात्रीच कोसळतात, याचे कारण यात आहे.

दुसरे कारण पायाशी संबंधित आहे. कोंढव्यात भिंतीलगतच्या भूखंडावर नव्या इमारतीचे काम सुरू होते. २० सप्टेंबर २०२२ रोजी नोएडाच्या सेक्टर २१ मध्ये एका गृहसंकुलाच्या सीमाभिंतीलगत नाल्याचे काम चालू असताना ती कोसळून चार मजुरांचा मृत्यू झाला. त्याच्या चारच दिवस आधी, १६ सप्टेंबरला, लखनौच्या दिलकुशा भागात मुसळधार पावसात सीमाभिंत पडून तिच्या आडोशाला राहणारे नऊ जण दगावले होते. भिंत बांधताना तिचा पाया ज्या जमिनीवर टेकला होता ती जमीनच पुढे कोणीतरी खणून काढतो, आणि हे खणणारा भिंतीचा मालक नसतो. कुंपणाची परवानगी एकदाच आणि एकाच मालकाला दिली जाते. शेजारच्या भूखंडाला खोदकामाची परवानगी देताना त्या कुंपणाचा विचार करण्याची सक्ती प्रत्यक्षात क्वचितच होते.

तुलनेने साध्या, परंपरागत कुंपणांची रीत या बाबतीत शहाणपणाची होती. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाचा गडगा चुन्या-सिमेंटविना रचला जातो. दगडांच्या फटींतून पाणी झिरपून जाते, एखादा दगड ढळला तर तेवढाच पुन्हा बसविता येतो. काटेरी झुडपांची वई तर पाणी अडवीतच नाही. या प्रकारांना आज शहरी नियमावलीत फारसे स्थान उरलेले नाही. सिमेंटच्या गिलाव्याने बंद केलेली सलग भिंत हेच कुंपणाचे प्रमाणित रूप झाले असून, पाण्याच्या वाटेचा प्रश्न त्यासोबतच निर्माण झाला आहे. गोव्यात बांधकामासाठी १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ नुसार ग्रामपंचायतीची परवानगी लागते. तेथे आवारभिंतीवरून ग्रामसभांत होणारे वाद बहुतेकदा नैसर्गिक ओहोळ आणि जुन्या पाऊलवाटा अडविल्याचे असतात, उंचीचे नसतात.

हद्दीचा कागद आणि वाटेचा हक्क

सर्वसामान्य घरमालकाचा अनुभव मात्र दुर्घटनेचा नसून तंट्याचा असतो. बांधकाम परवानगी मिळाली म्हणजे त्या रेषेपर्यंतची जमीन आपली ठरली, असा समज दृढ आहे. तो चुकीचा आहे. नियोजन प्राधिकरणाची मंजुरी मालकीहक्क निर्माण करीत नाही, ती केवळ नियमांशी सुसंगती पाहते. हद्द ठरते ती भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीने. त्यामुळे कुंपण घालण्यापूर्वी मोजणी करून तिची 'क' प्रत हाती घेणे हा अर्जाहून महत्त्वाचा टप्पा आहे. व्यवहारात क्रम उलटा असतो. आधी भिंत, मग शेजाऱ्याची हरकत आणि मग मोजणी.

वाटेच्या हक्काचेही तसेच. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार सलग वीस वर्षे उघडपणे व निर्वेध वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो. दुसरा मार्गच नसेल तर गरजेपोटीचा हक्कही कायदा मान्य करतो. महाराष्ट्रात १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार शेताकडे जाणाऱ्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. शहरांच्या वाढत्या हद्दीवरील गावांत, जेथे कालचे शेत आज बंगल्यांचे भूखंड होत आहे, तेथे या तिन्ही कायद्यांची एकाच वेळी गाठ पडते.

परवानगीच्या प्रक्रियेतील विलंब हा कुंपण विनापरवाना उभे राहण्याचे एक प्रमुख कारण म्हणून सांगितला जातो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये त्यावर तोड आहे. अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळविला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. अर्थात बांधकाम विकास आराखडा व नियमांशी सुसंगत असेल तरच. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने लहान भूखंडांसाठी जोखमीवर आधारित सुलभ पद्धतही आणली. या पद्धतीत अधिकृत तंत्रज्ञाने प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्काची पावती यांवर काम सुरू करता येते. लहान घरबांधणीसाठी हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु जोखीम मोजताना मुख्य आधार भूखंडाच्या क्षेत्रफळाचा आहे, उताराचा नाही. दीडशे चौरस मीटरच्या भूखंडाच्या मागे दहा फूट खोल उतार असू शकतो, ही गोष्ट क्षेत्रफळातून कळत नाही.

विनापरवाना कुंपण पाडण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेले निर्देशही लक्षात घ्यावे लागतील. बांधकाम पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यावी आणि ती जागेवरही लावावी, असे न्यायालयाने सांगितले. मात्र रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय यांसारख्या सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण दिलेले नाही. स्वतःच्या भूखंडाच्या हद्दीत मर्यादेपेक्षा उंच बांधलेली भिंत आणि पदपथावर दोन फूट सरकवलेली भिंत यांच्यात कायद्याने आता स्पष्ट फरक केला आहे. तिसरा प्रकार, म्हणजे कोणत्याही सार्वजनिक जागेवर नसलेली, उंचीच्या नियमात कदाचित बसणारी, पण धोकादायक असलेली भिंत, या विभागणीत कोठेच सामावत नाही.

अशा भिंतींसाठी उपलब्ध असलेला एक मार्ग फारसा वापरला गेलेला नाही. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून स्थिरतेचा दाखला घेणे महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यांत मालकावर बंधनकारक आहे. कायद्याच्या व्याख्येत आवारभिंत इमारतीतच मोडत असल्याने या तपासणीत तिचाही समावेश व्हावा, असा अर्थ लावण्यास जागा आहे. तथापि तीस वर्षांची गणना पूर्णत्वाच्या दाखल्यापासून किंवा वास्तव्यापासून होते, आणि भिंतीत कोणी राहत नाही. शिवाय मालाडची भिंत अलीकडच्या वर्षांत बांधलेली होती. वय हा इमारतीसाठी योग्य निकष असेल, भिंतीसाठी पाण्याचा निचरा आणि पायाची अवस्था हे निकष अधिक लागू पडतात, आणि त्यांची पाहणी दर पावसाळ्यापूर्वी करावी लागते. धोकादायक इमारतींची यादी महापालिका दर वर्षी जाहीर करतात. त्याच पाहणीत उतारावरील भिंतींचा समावेश करण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

नडूरच्या घटनेने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. भिंतीखाली सापडलेली कुटुंबे दलित समाजाची होती, आणि ती भिंत केवळ सुरक्षिततेसाठी नव्हे तर वस्ती नजरेआड करण्यासाठी उंच केली गेली, असा आरोप रहिवाशांनी केला. भिंतीच्या धोक्याविषयी आधीच तक्रारी केल्याचेही त्यांचे म्हणणे होते. तामिळनाडूत अशा आरोपाला इतिहास आहे. मदुराई जिल्ह्यातील उत्तपुरम येथे १९८९ च्या सुमारास दोन जातींच्या वस्त्यांमध्ये उभारलेल्या भिंतीचा काही भाग प्रदीर्घ आंदोलनानंतर ६ मे २००८ रोजी प्रशासनाने पाडला होता. उंचीची मर्यादा काटेकोरपणे पाळली गेली असती तर नडूरची भिंत इतकी उंच झालीच नसती. मात्र ती तपासण्याचे काम कोणाकडे तरी सोपविलेले असावे लागते, आणि पलीकडच्या वस्तीची तक्रार नोंदवून घेणारी खिडकीही.

पुण्यातील मजुरांच्या बाबतीत तर कायद्याने आधीच जबाबदारी निश्चित केली होती. त्या वेळी अमलात असलेल्या १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३४ नुसार मजुरांना बांधकामाच्या जागी किंवा तिच्या शक्य तितक्या जवळ तात्पुरता निवारा विनामूल्य पुरविणे हे मालकाचे कर्तव्य होते. निवारा दिला गेला. तो भूखंडाच्या अगदी कडेला, भिंतीला टेकून होता, कारण मधली जागा इमारतीच्या पायासाठी खणली जात होती आणि भिंतीच्या आधाराने पत्र्याची एक बाजू वाचते. भिंतीपासून तिच्या उंचीइतके अंतर सोडून झोपड्या उभाराव्यात, एवढी एक अट खोदकामाच्या परवान्यात घालण्यास कोणत्याही आयुक्तास अडचण नसावी. बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्यासोबत मजुरांच्या निवाऱ्याची जागा नकाशावर दाखविणे सक्तीचे केले, तर प्रत्यक्ष पाहणीस येणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला ती अट पाळली गेली की नाही हे फीत लावून मोजता येईल.